अण्णांच्या पिशव्या आणि ३१ कॉलम

पत्र:

नमस्कार. माझे वडील, आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, मागच्या वर्षी गेले. बँकेत होते, आयुष्य पुण्यात गेलं आणि नाटक नि गाणं सोडून दुसरा शौक नव्हता. घर रिकामं करताना माळ्यावर पिशव्याच पिशव्या निघाल्या, सगळ्यांत कार्यक्रमांचे कागद. नाटकांची हँडबिलं, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या पुस्तिका, नाट्यसंमेलनाच्या स्मरणिका, गणपतीतल्या कार्यक्रमांच्या पत्रिका, तिकिटांची अर्धुकं. हजार तरी असतील. भाऊ म्हणतो रद्दीला दे, भाचा म्हणतो स्कॅन कर आणि मग रद्दीला दे. मला टाकवत नाही. एक्सेलमध्ये यादी करायला घेतली, ३१ कॉलम केले, चाळीसेक कागद भरले आणि थांबले. निम्म्यांवर वर्षच नाहीये, आणि नाटकाप्रमाणे लावू की वर्षाप्रमाणे हेच ठरेना. कशी करू?
– पसाऱ्यात बसलेली एक लेक, डोंबिवली

उत्तर:

ताई, ३१ कॉलम वाचून आधी हसू आलं आणि मग वाटलं की बाई जिद्दीची आहे. पण तुम्ही थांबलात त्याचं कारण तेच ३१ कॉलम आहेत हो. नेपथ्य कोणाचं, प्रकाशयोजना कोणाची, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, छापखाना कुठला, मागच्या बाजूला जाहिरात कुठल्या दुकानाची, हे सगळं भरायचं म्हटलं की एका हँडबिलाला वीस मिनिटं सहज जातात, आणि हजार कागद म्हणजे तीनशे तासांच्या वर, नोकरी-घर सांभाळून कोण करणार ते. यादीत "संगीत" पूर्ण लिहायचं की "सं." यावर तासभर वाद घालणारे संग्राहक मी बघितलेत, त्यांच्या याद्या कधीच पूर्ण होत नाहीत. तुमची व्हायला पाहिजे. त्यामुळे कॉलम कमी करू, कुठले ठेवायचे ते सांगतोच, आणि ज्या चाळीस कागदांचं भरून झालंय ते फुकट नाही गेलं, ते सगळं शेवटच्या "शेरा" कॉलममध्ये तसंच्या तसं चिकटवून टाका.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. पिशव्या उपसून जमिनीवर ढीग केले नसतील अशी आशा आहे. केले असतील तर जेवढ्या पिशव्या शिल्लक असतील तेवढ्या तरी तशाच राहू द्या. नाटकं एकीकडे, गाणं एकीकडे असं लावायचा मोह होतो, अजिबात करू नका. अण्णांनी कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवलाय ही पण माहितीच आहे, आणि तुम्हाला जे वर्ष सापडत नाहीये ते बऱ्याचदा शेजारच्या कागदावर सापडतं. एका रबरबँडात पाच हँडबिलं आहेत, चारांवर वर्ष आहे आणि पाचव्यावर नाही, तर पाचवं त्याच सुमाराचं असण्याची शक्यता बरीच. पिशवी मोकळी करून मिसळलीत की हा धागा कायमचा तुटला. म्हणून प्रत्येक पिशवी उघडली की आधी मोबाइलवर फोटो, पिशवीवर काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो, पिशवीला नाव द्या – क, ख, ग काहीही – आणि वरून खाली ज्या क्रमाने कागद निघतील त्याच क्रमाने नंबर टाकत जा.

नंबर साधा. ०००१, ०००२, ०००३. आधी शून्यं एवढ्यासाठी की कॉम्प्युटर १ नंतर १० लावतो आणि २ कुठेतरी खाली जातो. नंबरात हुशारी नको, म्हणजे "ना-७२-बाल-०३" म्हणजे नाटक, ७२ साल, बालगंधर्व, तिसरं वगैरे. असं करावंसं फार वाटतं, आणि सहा महिन्यांनी कळतं की ते ७२ चं नव्हतंच, ७८ चं होतं, मग नंबर बदला, फोटोचं नाव बदला, सगळीकडे बदला. नंबराला काही अर्थ नसला की तो कधी चुकत नाही. मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात हलकेच लिहा. बॉलपेन नको, स्टिकर तर अजिबातच नको. गुळगुळीत आर्टपेपरवर पेन्सिल उमटत नाही, तिथे कागद पाकिटात घालून पाकिटावर लिहा.

एक नग कशाला म्हणायचं? पुस्तिका असेल तर अख्खी पुस्तिका एक. तिच्यात तिकिटाचं अर्धुक खोचलेलं असेल तर ते वेगळं काढून तिकिटांच्या ढिगात टाकू नका, त्याला ०२१४-अ द्या आणि होतं तिथेच राहू द्या. एकाच नाटकाची दोन हँडबिलं निघाली म्हणजे एक जास्तीचं असं समजू नका, आधी तारीख आणि थिएटर बघा. एक भरत नाट्य मंदिराचं आणि एक टिळक स्मारकचं असेल तर ते दोन वेगळे कागद आहेत. तारीख, जागा, छपाई सगळं सेम असेल तरच डुप्लिकेट, आणि तेव्हाही ज्याच्यावर अण्णांचं अक्षर आहे ती प्रत मुख्य.

आता कॉलम. नंबर. पिशवी. प्रकार (हँडबिल, पुस्तिका, स्मरणिका, पत्रिका, तिकीट, बास पाच). कार्यक्रमाचं नाव, जसं छापलंय तसं. संस्था. ठिकाण. तारीख. तारीख कशावरून. मुख्य नावं, जास्तीत जास्त चार-पाच. अण्णांची नोंद. शेरा. एवढंच. अकरा झाले, पण त्यातले निम्मे दोन शब्दांचे आहेत, एका कागदाला तीन-चार मिनिटांच्या वर लागू नयेत. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा हे सगळं फोटोत आहेच, कोणाला कधी लागलं तर तिथे वाचता येईल. अपवाद एकच, तुम्हाला स्वतःला एखाद्या गोष्टीत रस असेल, समजा ऑर्गन वाजवणारे कोण कोण होते यात, तर तो एक कॉलम वाढवा. एकच.

यातले "तारीख कशावरून" आणि "अण्णांची नोंद" हे दोन बहुतेकांच्या यादीत नसतात, आणि माझ्या मते तुमच्या यादीत जीव यांच्यामुळेच येणारे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

कार्यक्रमाचा छापील कागद म्हणजे काय ठरलं होतं त्याचा कागद. काय झालं त्याचा नाही. सवाईची पुस्तिका घ्या. त्यात कुठल्या सत्रात कोण, साथीला कोण, असं छापलेलं असतं, पण राग? राग कलाकार स्टेजवर बसल्यावर सांगणार, छापील पानावर तो कुठून येणार. आणि जुन्या श्रोत्यांची सवय अशी की मांडीवर पुस्तिका, हातात पेन्सिल, समासात "मारवा – मग ठुमरी" किंवा "उशिरा सुरू, ११॥" असं काहीतरी खरडलेलं. त्या पुस्तिकेच्या हजारो प्रती निघाल्या असतील, पण ते पेन्सिलीतलं वाक्य फक्त तुमच्या प्रतीत आहे. एखाद्या नावावर काट मारून वर दुसरं नाव लिहिलेलं दिसलं तर तर सोनंच, कारण आयत्या वेळी कलाकार बदलला हे छापील कागद कधीच सांगणार नाही. नाटकांचंही तेच. हँडबिल छापून घेतलं जातं मूळ संचाचं, आणि पन्नासाव्या प्रयोगाला त्यातले दोघंजण बदललेले असतात, दारावर फळा लागतो "आज अमुकच्या जागी तमुक", आणि तो फळा कोणी जपून ठेवत नाही. अण्णांनी कोपऱ्यात लिहिलं असेल तर तेवढाच पुरावा.

म्हणून छापलेलं आणि हाताने लिहिलेलं कधीही एका कॉलममध्ये एकत्र करू नका. मुख्य नावांच्या कॉलममध्ये छापलेलंच नाव राहील, भले ती व्यक्ती आलीच नसेल. बदललेलं नाव अण्णांच्या नोंदीत. आणि नोंद जशीच्या तशी उतरवा, "बरा झाला" लिहिलं असेल तर "बरा झाला", त्याचं "प्रयोग समाधानकारक" करू नका. अक्षर लागत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. दुसऱ्या कोणाचं अक्षर असेल, आईंचं किंवा एखाद्या मित्राचं, तर तेही लिहा. आणि हो, हँडबिल घरात आहे म्हणजे अण्णा त्या प्रयोगाला गेले होते असं होत नाही. हँडबिलं वाटली जायची, पेपरमधून यायची. तिकिटाचं अर्धुक किंवा त्यांचं अक्षर असेल तरच गेले होते म्हणायचं.

आता वर्ष. जुन्या हँडबिलांवर "शनिवार ता. १६ रोजी रात्री ९॥ वाजता" एवढंच असतं, वर्ष सोडा कधीकधी महिनाही नसतो, कारण छापणाऱ्याच्या दृष्टीने आठवड्याभरात त्या कागदाचं काम संपणार होतं. (भाचा भरायला बसला तर त्याला सांगून ठेवा, ९॥ म्हणजे साडेनऊ. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. हल्लीची मुलं ९॥ ला ९११ वाचतात, पोलिसांना फोन लावायचे.)

वार आणि तारीख दोन्ही असतील तर अर्धं काम झालं. समजा शनिवार १६ डिसेंबर आहे. शनिवारी १६ डिसेंबर आला १९६१ ला, मग ६७, ७२, ७८ आणि थेट ८९. म्हणजे तीस वर्षांत पाचच पर्याय, आणि त्यातला कुठला हे कागदावरच्या बाकी गोष्टी सांगतात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन हे बघता येतं. हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात "घाशीराम कोतवाल"चा पहिला प्रयोग झाला, आणि तो केला होता प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने. १९ प्रयोगांनंतर तिथे ते थांबलं, त्यातून थिएटर अ‍ॅकॅडमी ही वेगळी संस्था उभी राहिली आणि १९७४ पासून नाटक त्यांचं झालं. म्हणजे पिशवीत घाशीरामचं हँडबिल निघालं तर आधी संस्थेचं नाव बघायचं. पीडीए असेल तर ते त्या पहिल्या थोडक्या प्रयोगांपैकी, आणि तसा कागद निघाला तर भावाला आधी पाणी द्या आणि मग रद्दीचा विषय काढा. थिएटर अ‍ॅकॅडमी असेल तर ७४ च्या पुढे कधीही. संस्थेच्या नावाचा कॉलम मी ठेवलाय तो यासाठी.

थिएटरचं नावही असंच कामाला येतं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ ला, त्यामुळे बालगंधर्वचं हँडबिल त्याच्या आधीचं असूच शकत नाही, वरच्या पाच वर्षांतली ६१ आणि ६७ एका फटक्यात गेली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिन तेव्हा सुरू झाला. उलटं मात्र चालत नाही, जुन्या पद्धतीने नुसता टपाल विभागाचा आकडा, "पुणे ३०" असा लिहिलाय म्हणून ७२ च्या आधीचं असं म्हणू नका, पुणेकर अजूनही पुणे ३० च लिहितात. तिकिटाचा दर आण्यात असेल तर बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीचं, "न.पै." म्हणजे नवे पैसे असतील तर ५७ ते ६४ च्या मधलं. असे कागद अण्णांचे नसतील, त्यांच्याही वडिलांचे असतील, तर तेही शेऱ्यात लिहा. मोबाइल नंबर छापला असेल तर १९९५ च्या पुढचं. मुंबईचा लँडलाइन आठ आकडी असेल तर साधारण २००२ नंतरचं. आणि छपाईचं शुद्धलेखन बघा, "नांव", "कांहीं", "येथें तिकिटें मिळतील" असे जागोजागी अनुस्वार असतील तर ते १९६२ च्या नियमांच्या आधीच्या वळणाचं, पण काही छापखाने नंतरही कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, म्हणून याला एकट्याला पुरावा धरू नका. उतरवताना मात्र "नांव" ला "नांव"च ठेवा, सुधारू नका.

पुण्यतिथीचे, उत्सवाचे, देवळातले गाण्याचे कार्यक्रम असतील तर तारखेऐवजी तिथी आणि शके सापडेल. शक्यात ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. म्हणजे शके १८९० मार्गशीर्ष असेल तर १९६८, तेच शके १८९० फाल्गुन असेल तर १९६९. नेमकी तारीख हवी असेल तर जुन्या वर्षांचं पंचांग ऑनलाइन मिळतं, पण प्रत्येक पत्रिकेसाठी ते करत बसू नका, वर्ष पुरे.

सवाईच्या पुस्तिकांचं एक वेगळंच त्रांगडं आहे, आणि तुमच्याकडे त्या बऱ्याच असणार म्हणून सांगतो. पहिला महोत्सव १९५३ ला, भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. त्यामुळे कितवा महोत्सव त्या आकड्यात १९५२ मिळवले की वर्ष येतं, ६७ वा म्हणजे २०१९. पण २००९ चा स्वाइन फ्लूमुळे पुढे ढकलला गेला आणि ५७ वा झाला जानेवारी २०१० मध्ये, मग ५८ वा त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे २०१० या एका वर्षात दोन सवाई. मग कोविडमध्ये २०२० आणि २०२१ ला झालाच नाही, त्यामुळे ६८ वा आला थेट २०२२ ला, आणि तिथून पुढे ५२ च्या ऐवजी ५४ मिळवायचे. म्हणून सवाईसाठी "कितवा" आणि "तारीख" दोन्ही लिहा, एकावरून दुसरं काढू नका. नावही बघा, २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. जागा बघा, रमणबाग असेल तर मुकुंदनगरच्या आधीचं, कारण मुकुंदनगरला गेला तो २०१८ ला. आणि वेळा तर वाचण्यासारख्या आहेत, जुन्या पुस्तिकांमध्ये रात्रभर गाणं आणि पहाटे समारोप, पुढे लाउडस्पीकरच्या दहाच्या नियमाने सगळं दुपारवर आलं. पहाटेचे राग प्रत्यक्ष पहाटे ऐकणारी पिढी कधीपर्यंत होती हे तुमच्या अण्णांच्या पिशवीतल्या वेळांवरून कळेल, वेगळ्या पुस्तकाची गरज नाही.

तर वर्ष असं काढलं की "तारीख कशावरून" मध्ये चार शब्द टाका. "छापील". "वार + बालगंधर्व". "शेजारचा कागद ०३१२". "काकांनी सांगितलं". आणि जे अंदाजाने काढलंय ते तारखेच्या कॉलममध्ये चौकटी कंसात घाला, [१९७२] असं, म्हणजे बघताक्षणी कळतं की हे कागदावर नाहीये, आपण ठरवलंय. काहीच लागलं नाही तर [१९७० चं दशक] चालेल, रिकामं ठेवलं तरी चालेल. खोटं वर्ष मात्र नको. एकदा यादीत १९७२ टाइप झालं की पुढचा माणूस ते छापील समजून चालतो, आणि तुमची यादी पाच वर्षांनी तुम्हीच उघडाल तेव्हा तो पुढचा माणूस तुम्हीच असाल.

तारीख लिहायची पद्धत एकच ठेवा, वर्ष-महिना-दिवस, १९७२-१२-१६. सॉर्ट केलं की आपोआप क्रमात येतं. तो कॉलम भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर १२/७ टाकलं की एक्सेल स्वतःच्या मनाने कुठलीतरी तारीख करून टाकतं. आकडे एकाच लिपीत टाका, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी झाले की सॉर्टिंगचा बट्ट्याबोळ.

नावांचं सांगतो. एकाच माणसाचं नाव "भीमसेन जोशी", "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेनजी" असं तीन प्रकारे छापलेलं असतं आणि शोधायला गेलं की एकेक निसटतं. मुख्य नावांच्या कॉलममध्ये पं., उस्ताद, श्री., सौ., कु. काही नको, नाव-आडनाव एवढंच, कायम एकाच पद्धतीने. दुसऱ्या शीटवर एक छोटी यादी ठेवा, हे नाव असं लिहायचं म्हणून. नटींच्या बाबतीत लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव अशी दोन नावं येतात, तिथे छापलेलं ठेवा आणि शेऱ्यात दुसरं टाका, पण दोघी एकच हे नक्की माहीत असेल तरच.

नाटकाप्रमाणे की वर्षाप्रमाणे हा तुमचा प्रश्न आता उरलाच नाही. कागद नंबराप्रमाणे राहतील, पिशवीतल्या क्रमाने, आणि यादीत एक क्लिक केलं की नाटकाप्रमाणे, दुसरं केलं की वर्षाप्रमाणे, तिसरं केलं की थिएटरप्रमाणे. कागद एकाच जागी बसू शकतो, यादी कशीही फिरवता येते.

फोटोंचं काम भाच्याला द्या, तो रद्दीचा सल्ला देतोय ना, मग हे करू दे. खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर वरून. दोन्ही बाजू, मागची कोरी असली तरी, कारण कोरी वाटणाऱ्या बाजूवरच पेन्सिलीतलं निघतं. फाइलचं नाव म्हणजे नंबर, ०२१४-१ आणि ०२१४-२. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे नाहीत, तिथे फोटो दाबले जाऊन बारीक अक्षर जातं, ड्राइव्हवर टाकायचे. छापील मजकूर टाइप करण्यापेक्षा गूगल लेन्सने उचलता येतो, अलीकडच्या छपाईला छान चालतो, जुन्या झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत मात्र "ध" आणि "घ" ची जी काही गंमत करतो ती तपासून घ्या. आणि स्कॅन करून टाकून द्यायचं हे तर नाहीच. पेन्सिलीचा हलका मजकूर फोटोत बऱ्याचदा येतच नाही, शिवाय कागद, शाई, घडी यातूनही काळ कळतो.

जपायचं कसं ते थोडक्यात, कारण हे सगळ्यांनाच अर्धंमुर्धं माहीत असतं. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, हलक्या हाताने काढा, पण काढायच्या आधी कुठला कागद कुठल्याला जोडलेला होता ते लिहा. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सुटत नाही. स्टेशनरीच्या दुकानातल्या वास येणाऱ्या मऊ पीव्हीसी फोल्डरमध्ये शाई चिकटते, त्यापेक्षा साधं चांगल्या कागदाचं पाकीट बरं, आणि जमलं तर आम्लविरहित कागदाचं. माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको, डोंबिवलीचा पावसाळा माहितीये. खोके जमिनीपासून वर. कसर लागलेली दिसली तर ती पिशवी आधी वेगळी करा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. पोथ्यांमध्ये वेखंड ठेवायचे तसं पुरचुंडी करून ठेवलंत तर हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका, महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघणं हाच खरा उपाय.

स्मरणिकांना वेळ लागेल, त्यात लेख असतात, फोटो असतात, जाहिराती असतात. सध्या एक ओळ पुरे, पानं किती आणि त्यात काय आहे. जाहिरातींची यादी करायचा मोह आवरा, जरी गावातल्या बंद पडलेल्या दुकानांच्या जाहिराती बघत बसायला मजा येते. पिशव्यांत सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका निघाल्या तर त्याही याच यादीत, प्रकारात फक्त एक शब्द वाढेल. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका जपल्या जातात, पुढेमागे कोणा संस्थेला काही द्यायचं मनात आलं तर पिशव्या घेऊन जाण्यापेक्षा यादी घेऊन गेलात की बोलणं होतं. यादी बाहेर कोणाला देताना एकच काळजी घ्या, मागच्या बाजूला अण्णांनी कोणाकोणाचे फोन नंबर, पत्ते, उसने दिलेले पैसे लिहिलेले असतील, ते यादीत नको.

आणि एक काम यादी पूर्ण व्हायची वाट न बघता, म्हणजे या महिन्यातच करा. अण्णांबरोबर नाटकाला जाणारे जे कोणी आहेत, बँकेतले मित्र, शेजारचे, एखादी आत्या, त्यांना वर्ष न लागलेले दहा-बारा कागद दाखवायला घेऊन जा. सगळी पिशवी नको, दमतात. "हे कधीचं?" असं विचारू नका, त्याला "फार जुनं गं" एवढंच उत्तर मिळतं. विचारा की तेव्हा तुम्ही राहायला कुठे होता, सायकलवर गेलात की बसने, बरोबर कोण होतं, मुलगा झाला होता का. त्यातून वर्ष निघतं, आणि वर्ष नाही निघालं तरी पिशवीतल्या कुठल्याच कागदावर नसलेलं बरंच काही निघतं. त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा, फाइलला तोच कागदाचा नंबर द्या, ०२१४-आवाज, आणि शेऱ्यात लिहा कोणी सांगितलं ते. दोघांनी दोन वर्षं सांगितली तर दोन्ही लिहा.